पुनर्विकासात जुन्या इमारतीचं काँक्रीट नव्या कामात वापरायचं का? सोसायटीच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न असा आला आहे: कोथरूडमधली तीन मजली, चोवीस फ्लॅटची सोसायटी, १९८४ चं बांधकाम. आता पुनर्विकासाला जाते आहे. जुनी इमारत पाडून निघणारं काँक्रीट क्रश करू आणि त्याची खडी नव्या इमारतीत वापरू, असा विकसकाचा प्रस्ताव आहे. काही सभासदांना ते पटलं आहे. काहींना भीती वाटते की राडारोड्यातून उभी केलेली इमारत टिकेल कशी. सेक्रेटरींनी विचारलं आहे की हे चालतं का, किती चालतं, आणि करारात काय लिहून घ्यावं.

चालतं. मर्यादेत राहून, नीट केलं तर स्लॅबला काही होत नाही. मात्र ही खडी चांगली निघणार की वाईट, हे मिक्सरमध्ये ठरत नाही, इमारत पाडताना ठरतं. त्यामुळे कमिटीने लक्ष घालायची वेळ आत्ता आहे. पाया खणून झाल्यावर विचारलंत तर हाती फारसं काही उरलेलं नसेल.

आधी नियम काय आहे ते बघू. काँक्रीटच्या खडी-वाळूसाठी आपल्याकडे आयएस ३८३ हे मानक आहे. २०१६ च्या सुधारणेत त्यात पहिल्यांदा पुनर्वापराच्या खडीला रीतसर जागा मिळाली. त्यात दोन प्रकार वेगळे केले आहेत. निव्वळ काँक्रीट फोडून मिळालेली खडी हा एक, आणि विटा, प्लास्टर, टाइल असं सगळं मिसळलेल्या राडारोड्याची खडी हा दुसरा. पहिला प्रकार साध्या, म्हणजे सळई नसलेल्या काँक्रीटमध्ये एकूण जाड खडीच्या २५ टक्क्यांपर्यंत चालतो. आरसीसीमध्ये, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये, २० टक्क्यांपर्यंत, तेही एम२५ ग्रेडपर्यंतच (एमपुढचा आकडा काँक्रीटची ताकद सांगतो). एम१५ च्या खालच्या हलक्या काँक्रीटमध्ये, म्हणजे पायाच्या फुटिंगखाली अंथरायच्या थरासारख्या (पीसीसी) ठिकाणी, पूर्ण १०० टक्के चालतो. दुसऱ्या, मिश्र प्रकाराला आरसीसीत आणि साध्या काँक्रीटमध्ये मुळीच परवानगी नाही. तो फक्त हलक्या काँक्रीटमध्ये चालतो. आणखी एक गोष्ट त्याच तक्त्याखाली आहे, ती तुमच्या प्रश्नाला नेमकी लागू पडते: ज्या जागेचा पुनर्विकास होतो आहे तिथलंच काँक्रीट तिथल्याच कामात वापरावं, अशी त्या मानकाची शिफारस आहे. म्हणजे विकसक काही आडवाटेचं सुचवत नाहीये. ते तो कसं करणार, हे बघायचं.

आता सभासदांच्या भीतीबद्दल. त्यांना दाखवायला एक तुकडा हातात घ्या. पाडकामातल्या काँक्रीटची क्रश केलेली २० मिमीची खडी स्वच्छ धुतली की दिसतं: आत काळा दगड आणि त्याला एका बाजूने चिकटलेला जुना राखाडी मसाला, म्हणजे सिमेंट-वाळूचा थर. तुकडा पाण्याच्या बादलीत टाका. मसाल्याच्या बाजूने बारीक बुडबुडे येत राहतील, कारण त्यातल्या छिद्रांमधली हवा बाहेर पडून तिथे पाणी शिरतं. बाहेर काढून फडक्याने पुसा. दगडाचा भाग लगेच कोरडा दिसतो, मसाल्याचा भाग बराच वेळ गडद राहतो. या खडीचे बहुतेक गुणदोष त्या गडद भागात आहेत. आतला दगड तोच आहे जो आजही वाघोली-लोणीकंदच्या खाणींतून निघतो, आपला सह्याद्रीचा बेसाल्ट. चाळीस वर्षांत त्याला काही झालेलं नाही. फरक पडला तो वर चिकटलेल्या मसाल्यामुळे, आणि तुमच्या काळचा मसाला तसा साधाच होता. १९७८ च्या आयएस ४५६ मध्ये आरसीसीला एम१५ चालत असे. साइटवर सिमेंट, वाळू, खडी १:२:४ असं मापून हाताने किंवा लहान मिक्सरमध्ये कालवलेलं काँक्रीट आणि नदीची वाळू, हेच तेव्हा सगळीकडे.

चांगला ताजा बेसाल्ट साधारण एक टक्का पाणी पितो, कधी दीड. काँक्रीटपासून केलेली खडी चार, पाच, सहा टक्के पिते, कधी त्याहून जास्त. मानक सर्वसाधारणपणे ५ टक्क्यांवर थांबतं आणि या खडीसाठी १० टक्क्यांपर्यंत सूट देतं, पण मिक्सरमध्ये टाकण्याआधी ती भिजवून घेतलीच पाहिजे या अटीवर. ही अट कागदावर राहिली की पुढचा सगळा घोळ होतो.

कसा होतो ते आकड्यांत सांगतो. एम२५ च्या एका घनमीटरमध्ये जाड खडी साधारण ११५० किलो. त्याच्या २० टक्के म्हणजे २३० किलो पुनर्वापराची. ती साडेपाच टक्के पाणी पिणारी असेल आणि कोरडीच टाकली, तर घनमीटरमागे साडेबारा लिटर पाणी ती हळूहळू ओढून घेणार. प्लांटवर स्लम्प, म्हणजे ओल्या काँक्रीटचा सैलपणा, ठीक दिसतो, कारण खडी अजून प्यायलेली नसते. मग ट्रान्झिट मिक्सर निघतो, एप्रिलचं ऊन, कर्वे रस्त्याची गर्दी. तासाभराने साइटवर पोचेपर्यंत काँक्रीट घट्ट झालेलं असतं, पंपवाला ओरडतो, आणि कोणीतरी ड्रममध्ये पाइप सोडतो. ३५० किलो सिमेंट आणि १७५ लिटर पाणी असं ०.५० चं प्रमाण धरून केलेलं मिक्स बारा लिटर वाढले की ०.५३ च्या पुढे जातं. आणि पाइप सोडणारा बारा लिटर मोजून सोडत नाही. मग क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे ठोकळे, कमी आले की नाव खडीचं खराब होतं. माझ्या अनुभवात या खडीबद्दलच्या निम्म्याहून जास्त तक्रारी मुळात पाण्याच्या असतात.

उपाय सोपा आहे, फक्त रोज करावा लागतो. ढीग आदल्या संध्याकाळी स्प्रिंकलरखाली भिजवायचा, रात्रभर निथळू द्यायचा, वर गोणपाट टाकायचं. सकाळी मधल्या थरातून एक किलो नमुना घ्यायचा, तव्यावर भाजायचा, परत वजन करायचं. समजा भाजलेल्या वजनाच्या सात टक्के ओलावा निघाला आणि खडीची स्वतःची भूक साडेपाच टक्के आहे, तर वरचा दीड टक्का मोकळं पाणी आहे. २३० किलोवर ते साडेतीन लिटर होतं. तेवढं मिक्सच्या पाण्यातून वजा करायचं. हे पाऊस पडला की पुन्हा, ऊन वाढलं की पुन्हा. शिवाय मिक्सरमध्ये आधी खडी-वाळू आणि निम्मं पाणी, मग सिमेंट, शेवटी उरलेलं पाणी, असा क्रम ठेवला तर घट्ट सिमेंटचा थर जुन्या मसाल्याच्या छिद्रांत आणि भेगांत बसतो. हाँगकाँगच्या संशोधकांनी वीसेक वर्षांपूर्वी ही पद्धत मांडली. आपल्या बॅचिंग प्लांटवर ती सहज जमते, खर्च फक्त मिनिटभराचा.

ताकदीचं म्हणाल तर २० टक्क्यांपर्यंत २८ दिवसांच्या क्यूबमध्ये फरक जवळजवळ दिसत नाही. काँक्रीटमध्ये एरवी जी चढउतार असते तिच्यातच तो बुडून जातो. पूर्ण १०० टक्के वापरली तर मात्र ताकद घटते. त्याहून जास्त घटतो तो काँक्रीटचा ताठपणा, आणि वाळताना होणारं आकुंचन वाढतं. स्लॅबचा झोळ आणि प्लास्टरवर उमटणाऱ्या भेगा या दोन गोष्टींशी त्याचा थेट संबंध आहे. म्हणून २० टक्क्यांची रेघ ओलांडू नका, कोणी कितीही छान क्यूब रिपोर्ट दाखवला तरी. क्यूब झोळ दाखवत नाही. याच कारणाने पोस्ट-टेन्शन स्लॅबमध्ये (आतल्या तारा नंतर ताणून घेतलेल्या) मी ही खडी अजिबात घेऊ देत नाही. पाण्याच्या टाक्या आणि बेसमेंटच्या भिंतींमध्येही नको. तिथे गळतीचा एक भाग दुरुस्त करायला जो खर्च येतो त्यापुढे वाचलेली खडी म्हणजे काहीच नाही.

आता पाडकाम. पुण्यात पाडणारा ठेकेदार येतो तो लोखंड, दारं-खिडक्या, ग्रिल आणि लाकूड यांच्या हिशोबाने. त्याचा पैसा तिथे असतो. त्याला काँक्रीट लवकर फोडून सळई मोकळी करायची घाई असते. पोकलेनला ब्रेकर लावून तो वरून खाली जातो, आणि विटा, प्लास्टर, टाइल, कमोडचे तुकडे, पीओपी, वायरी, सगळं एका ढिगात येतं. एकदा ते मिसळलं की कितीही चाळा, त्याची काँक्रीटची खडी होत नाही. मानकाच्या भाषेत तो दुसरा, मिश्र प्रकार झाला, आणि त्याला आरसीसीचा दरवाजा बंद.

म्हणून क्रम ठरवून पाडायला लावा. आधी दारं, खिडक्या, नळ, वायरिंग. मग पीओपीचं फॉल्स सीलिंग आणि जिप्सम प्लास्टर. तुमच्या इमारतीत १९८४ ला जिप्सम नसेल, पण नंतर सभासदांनी फ्लॅटचं नूतनीकरण करताना हमखास लावलेलं असणार. ही सगळ्यात घातक भेसळ. जिप्सम म्हणजे सल्फेट. ते नव्या काँक्रीटमध्ये गेलं तर सिमेंटशी प्रक्रिया होऊन आतून फुगतं, आणि ते लगेच कळत नाही. या खडीत सल्फेट ०.५ टक्क्याच्या वर नको, ही मर्यादा आहे. एका हॉलच्या सीलिंगचा भुगा बऱ्याच मोठ्या ढिगाला ती मर्यादा ओलांडायला लावू शकतो, म्हणून ते हाताने काढून, गोण्यांत भरून, वेगळं बाहेर काढायचं.

त्यानंतर टेरेस. आपल्याकडच्या जुन्या टेरेसवर ब्रिकबॅट कोबा असतो, चार ते सहा इंच विटांचे तुकडे आणि वर चायना मोझॅक. काही ठिकाणी मधे डांबराचा थरही निघतो. स्लॅब फोडण्याआधी कोबा पूर्ण खरवडून खाली उतरवला पाहिजे. तसंच संडास-बाथरूमच्या खाली बुडवलेल्या स्लॅबमधलं भरण. हे दोन भाग बहुतेक सगळे विसरतात, आणि नंतर खडीत लाल तुकडे का दिसतात म्हणून विचारतात. मग विटांच्या भिंती. मजल्या-मजल्याने भिंती पाडून माल खाली घेतला की उरतो तो कॉलम, बीम आणि स्लॅबचा सांगाडा, वर थोडं प्लास्टर असलेला. तो वेगळा फोडायचा, वेगळा ढीग करायचा, जमिनीवर नाही तर पीसीसीच्या ओट्यावर किंवा जुन्या पार्किंगच्या फरशीवर, म्हणजे माती लागत नाही. सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकची, एखादी भिंत कोणी घातली असेल तर तीही आधीच बाजूला. तिचे तुकडे पाण्यावर तरंगतात आणि स्पंजासारखं पाणी पितात.

याला दिवस जास्त लागतात आणि ठेकेदार जास्त पैसे मागेल. द्या. नंतर क्रशरवर जो खर्च आणि जी कटकट वाचते ती यातूनच. शिवाय वर्गीकरण हे विकसकाचे उपकार नाहीत. २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांपासून मोठ्या प्रकल्पांवर काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक, आणि विटा-मसाला असे चार भाग वेगळे करण्याची जबाबदारी आहेच. २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या नियमांना लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६ अशी दिली आहे, आणि त्यांत वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांवर पुनर्वापराचीही जबाबदारी टाकली आहे. तुमचा प्रकल्प त्याहून लहान असणार, पण वारं कुठल्या दिशेला आहे ते कळतं.

इमारत उभी आहे तोवरच आणखी एक काम करून घ्या. तिच्या स्लॅब आणि कॉलममधून थोडे कोअर, म्हणजे ड्रिलने कापलेले गोल नमुने, काढा. ताकद, क्लोराइड, सल्फेट तपासा. एखाद्या विंगमधलं काँक्रीट गळतीने कुजलं असेल, सळई फुगून तिच्यावरचं काँक्रीट (कव्हर) सुटलं असेल, तर तो भाग आधीच खुणा करून पीसीसी आणि भरावासाठी काढून ठेवता येतो.

क्रश कुठे करायचं हा पुढचा प्रश्न. साइटवर फिरता क्रशर लावता येतो, पण कोथरूडच्या गल्लीत शेजारच्या सोसायट्या धूळ आणि आवाज किती दिवस सोसतील याचा विचार करा. महापालिकेचा राडारोडा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीकडे आहे, पिंपरी-चिंचवडचा मोशीला. तिथे प्रक्रिया होते, पण परत येणारा माल तुमच्याच इमारतीचा असेल असं नाही, आणि आरसीसीसाठी मला त्याचा उगम माहीत असलेला आवडतो. मधला मार्ग असा की विकसकाने एखाद्या खाणवाल्या क्रशरवर ठरलेल्या दिवशी तुमचाच माल वेगळा चालवून घ्यावा. फक्त जॉ क्रशरवर (जबड्यात दाबून फोडणाऱ्या) भागवू नका. त्यानंतर आपटून फोडणाऱ्या इम्पॅक्ट क्रशरमधून एकदा गेली की बराच मसाला गळून पडतो, तुकडे गोलसर होतात. पट्ट्यावर चुंबक हवंच, नाहीतर बाइंडिंग वायरचे तुकडे पंपाच्या पाइपमध्ये जाऊन बसतात.

किती माल निघेल? ढोबळ हिशोब करू. दीड हजार चौरस मीटरच्या आसपास जुनं बांधकाम, त्यात साडेचारशे घनमीटर काँक्रीट, म्हणजे हजार टनांच्या आसपास. त्यातून चांगली जाड खडी सहाशे टन धरा, बाकी कच, म्हणजे बारीक चुरा. नव्या इमारतीत एम२५ चं काम हजार घनमीटर असेल तर २० टक्क्यांनी त्यात २३० टन जिरते. फुटिंगखालच्या पीसीसीला दीडशे घनमीटर धरले तर १७० टन. उरलेली अंतर्गत रस्ता, पार्किंगची फरशी, गटारं आणि पायवाटा यांच्या साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांनी आणि त्यांच्या खालच्या थरांत पूर्ण वापरता येते. म्हणजे तुमची खडी तुमच्याच आवारात बहुतेक संपते. पण नवी इमारत बारा मजली असेल तर तिचे कॉलम एम३५-एम४० चे असणार, तिथे ती शून्य. स्लॅबही जर स्ट्रक्चरल इंजिनिअरने एम३० चे धरले असतील, तर तिथेही शून्य. खडी वापरता यावी म्हणून ग्रेड खाली आणू देऊ नका. ग्रेड इमारतीच्या गरजेने ठरते.

पावणेपाच मिमीच्या खालची कच नव्या आरसीसीत वाळू म्हणून घ्यायला मानक २० टक्क्यांपर्यंत परवानगी देतं, तरी मी घेत नाही. जुना मसाला सगळ्यात जास्त तिथेच गोळा होतो, पाणी मोजणं अवघड जातं. प्लिंथ भरायला, पेव्हर ब्लॉकखाली अंथरायला ती उत्तम आहे.

पर्यावरणाचा मुद्दा प्रस्तावात मोठ्या अक्षरात असेल, म्हणून नेमकं सांगतो. काँक्रीटमधला बहुतांश कार्बन सिमेंटचा असतो, खडीचा थोडा. ही खडी वापरताना ताकद भरून काढायला गोणीभर सिमेंट वाढवलं, तर कार्बनच्या बाबतीत उलट तोटा झाला. खरा फायदा दुसरा आणि माझ्या दृष्टीने पुरेसा मोठा आहे: तुमचे हजार टन रात्रीच्या डंपरने मुठेच्या काठी किंवा एखाद्या टेकडीच्या उतारावर जाणार नाहीत, आणि तेवढा डोंगर वाघोलीकडे कमी फुटेल. गेली कित्येक वर्षं नदीपात्राच्या कडेने हे ढीग वाढताना आपण सगळेच बघतो आहोत. पुनर्विकास ज्या वेगाने चालला आहे तो बघता, प्रत्येक सोसायटीने आपला माल आपल्यापाशी ठेवला तर मला मनापासून आनंद होईल.

करारात काय लिहावं: पाडकामाचा क्रम वर सांगितल्याप्रमाणे, आणि प्रत्येक टप्प्यानंतर कमिटीच्या इंजिनिअरची सही झाल्याशिवाय ब्रेकर चालवायचा नाही. काँक्रीटचा ढीग वेगळा, आणि आवारातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीची पावती. खडी वापरण्याआधी आणि नंतर ठरलेल्या अंतराने पाणी शोषण, घनता, इम्पॅक्ट व्हॅल्यू (खडी आघात किती सोसते), चपटे तुकडे, भेसळ, सल्फेट आणि क्लोराइड यांचे अहवाल, सीओईपी या पुण्यातल्या अभियांत्रिकी संस्थेमधून किंवा एनएबीएल मान्यतेच्या लॅबमधून. आरएमसी, म्हणजे प्लांटवरून तयार येणारं काँक्रीट, घेणार असाल तर त्या प्लांटवर या खडीसाठी स्वतंत्र कप्पा आहे का ते प्रत्यक्ष जाऊन बघा. नसेल तर फोनवरचं आश्वासन पुरेसं नाही. ट्रायल मिक्सचे ७ आणि २८ दिवसांचे क्यूब हवेतच, पण त्याबरोबर सुरुवातीला, तासाने आणि दीड तासाने मोजलेला स्लम्पही हवा. स्ट्रक्चरल इंजिनिअरने कुठल्या भागात किती टक्के चालेल ते ड्रॉइंगवरच लिहून सही करावी. आणि ट्रायल फसली, किंवा खडीत विटा आणि जिप्सम निघाले, तर काय करायचं तेही आधीच लिहा: तो सगळा माल पीसीसी आणि भरावात जाईल, आरसीसीला पूर्ण ताजी खडी येईल, आणि त्याचा जादा खर्च विकसक सोसेल.